बिनभोकांचा ट्रे

खडवलीत राहणाऱ्या माणसाला थोडक्यात हुकण्याची सवय असते. संध्याकाळी ठाण्याच्या फलाटावर उभं राहावं, इंडिकेटरवर 'टिटवाळा' उमटावं आणि मनात जुनाच हिशेब सुरू व्हावा. हिच्यात चढून टिटवाळ्याला उतरायचं आणि मागच्या आसनगाव नाहीतर कसाऱ्याची वाट बघत तिथल्या फलाटावर ताटकळायचं, की इथेच ठाण्यात ताटकळायचं? टिटवाळा आमच्या अलीकडचं स्टेशन. गाडी एवढ्या लांब येते, आमचा उंबरा दिसेल इतक्या जवळ येते आणि तिथून माघारी फिरते. संगणकावर फाइल पाठवताना ती ९९ टक्क्यांवर येऊन थबकते ना, तेव्हा लोक चिडतात. मी चिडत नाही. मी म्हणतो, आली टिटवाळ्याला.

माझा धंदा फाइलींचाच. आयटीआयला ड्राफ्ट्समन मेकॅनिकल केलं, ड्रॉइंग बोर्डावर सुरुवात केली आणि आता वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात संगणकावर यंत्रं काढतो. आम्ही ट्रे ड्रायर करतो. हे फार रोमहर्षक यंत्र नव्हे. लोखंडी कपाटासारखं असतं, आत पंखा आणि हीटर, आणि ट्रॉलीवर थरावर थर ट्रे लावलेले. ओला माल पसरायचा, दार लावायचं, गरम हवा फिरवायची. आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे वाळवणच की रे." त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या हुद्द्याचं नाव 'वाळवणाचं बघतो' असं आहे.

गोष्ट जुलैतल्या एका शुक्रवारची. आवळा आणि औषधी पाला वाळवणाऱ्या एका गिऱ्हाइकासाठी ९६ ट्रेंचा ड्रायर चालला होता. मॉडेल आमच्याकडच्या नव्या पोराने केलं होतं. पोरगा हुशार, हात चलाख, वय तेवीस. संध्याकाळी निघताना त्याने ते माझ्या लॅपटॉपवर टाकलं आणि म्हणाला, "काका, त्यांच्या बिल्डिंगवाल्या कन्सल्टंटला आज रात्रीच पाहिजे. तुम्ही घरी गेल्यावर एकदा नजर टाका आणि पाठवून द्या." मी हो म्हणालो. फोल्डर केवढा आहे ते बघितलं नाही. घरी येईपर्यंत पाऊस धरला होता, भातसा नदीचा आवाज घरात ऐकू यायला लागला होता, आणि मी लॅपटॉप उघडायला आणि वीज जायला एकच गाठ पडली.

बॅटरी ४१ टक्के. नेट मोबाइलचं. फोल्डर ११०० एमबी.

मी पाठवायला लावून बघितलं. संगणकाने थोडा विचार केला आणि सांगितलं की पाच तास बारा मिनिटं उरली आहेत. मग पुन्हा विचार केला आणि सात तास सांगितले. आधी दहा हजार सांगून, मग पलीकडच्याची ऐपत बघून आकडा वाढवणाऱ्या भटजींची मला आठवण झाली. म्हटलं, राहू दे, आधी आत काय भरलंय ते बघू.

आत ट्रे होते. 'ट्रे_१', 'ट्रे_२', 'ट्रे_३' असे करत करत 'ट्रे_९६'पर्यंत. पोराने एक ट्रे केला, तो 'सेव्ह अ‍ॅज' करून दुसरा केला, दुसऱ्याचा तिसरा. एकेक ट्रे दहा एमबीचा. एवढासा पत्र्याचा ट्रे दहा एमबीचा कशाने? तर भोकांनी. ट्रे ८१२ बाय ४०६ मिलिमीटरचा, या धंद्यातलं नेहमीचं माप. त्यात सहा मिलिमीटरची भोकं, बारा-बारा मिलिमीटरवर, एकाआड एक सरकवलेली. हिशेब करा, अडीच हजारांवर जातात. संगणकाला भोक म्हणजे रिकामी जागा वाटत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक भोक ही एक भिंत आहे. तिला वरची कड आहे, खालची कड आहे, आणि कुठली कड कुठल्या भिंतीला चिकटली आहे याची नोंद आहे. आपल्याला जिथे काही नाही असं दिसतं, तिथेच त्याचा सगळ्यात जास्त मजकूर असतो. असे ९६ ट्रे. अडीच लाखांवर भोकं माझ्या मांडीवर, बॅटरी ३९ टक्के.

आता खरं म्हणजे हे दुखणं संगणकावरच्या ड्रॉइंगच्या जन्मापासून ओळखीचं आहे आणि त्यावरचं औषधही तितकंच जुनं आहे. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंडने 'स्केचपॅड' नावाचा प्रबंध लिहिला. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेघा काढायच्या, हा त्याचा डाव. ज्या टीएक्स-२ यंत्रावर तो हे करत होता ते खोलीभर होतं, आणि त्याची स्मृती आजच्या एका मोबाइल फोटोलाही पुरली नसती. गरिबाचा संसार टुकीचा असतो. सदरलंडने पहिल्याच झटक्याला ठरवून टाकलं की मूळ चित्र एकदाच ठेवायचं आणि बाकी ठिकाणी 'तेच, इथे, एवढ्या कोनात' एवढंच लिहायचं. मूळ बदललं की सगळ्या नकला आपोआप बदलतात. हे समजावण्यासाठी त्याने उदाहरण कशाचं घेतलं, तर षटकोनांच्या जाळीचं. म्हणजे आमच्या पोराचाच विषय, साठ वर्षं आधी.

आपल्याकडे हे कळायला एमआयटी लागत नाही. पंगतीत वाढणारा प्रत्येक पानापाशी थांबून मीठ कुठे, चटणी कुठे, कोशिंबीर कुठे याचा नव्याने विचार करत नाही. पान कसं वाढायचं हे एकदा ठरलेलं आहे. पुढे फक्त किती पानं आणि किती अंतरावर, एवढाच प्रश्न. आमच्या पोराने ९६ पाहुण्यांसाठी ९६ वेगवेगळे स्वयंपाक रांधले होते, आणि सगळ्यांत पिठलंच केलं होतं.

मी पंचाण्णव ट्रे उडवले आणि एकच ठेवून त्याची रांग लावली. फोल्डर एकदम दीडशे एमबीवर आला. हे इतकं पटकन झालं की मला जरा अपराध्यासारखं वाटलं. पोराने बहुधा दोन दिवस घालवले असतील.

मग बोल्ट. पोराने कुठून तरी तयार बोल्ट उतरवून घेतले होते आणि प्रत्येक बोल्टाला खरेखुरे आटे होते. मळसूत्रासारखे गोल गोल फिरत गेलेले, बघायला फार सुंदर. चारशेवर बोल्ट. आट्याचा पृष्ठभाग हा संगणकाच्या डोक्याला सगळ्यात जड जाणाऱ्या प्रकारांपैकी एक. सरळ नाही, गोल नाही, पिळून पिळून वर जाणारा. आणि उपयोग काय? बोल्ट काही आम्ही करत नाही, बाजारातून किलोवर आणतो. कागदावर 'एम १०' लिहिलं की दुकानदार देतो. त्याने आजवर एकदाही 'आटे कसे दिसतात ते दाखवा' म्हटलेलं नाही.

मी बोर्डावर शिकत होतो तेव्हा आटे काढायची पद्धत ठरलेली होती. भारतीय मानक ६९६, १९७२ सालचं, यंत्रांच्या ड्रॉइंगचं. त्यात बाहेरचा व्यास जाड रेघेने, आट्याचा तळ बारीक रेघेने. टोकाकडून बघितलं तर बारीक वर्तुळ फक्त पाऊण काढायचं. संपलं, झाले आटे. स्प्रिंग असेल तर दोन्ही टोकांचे दोन-दोन वेढे काढायचे आणि मधल्या ठिकाणी तुटक रेघ ओढायची, बघणाऱ्याने समजून घ्यायचं. एकसारखी चाळीस भोकं असतील तर एक नीट काढायचं आणि बाकीच्यांच्या जागी फुल्या. हे नियम करणाऱ्यांना मेगाबाइट ठाऊक नव्हते, पण शाईची बाटली आणि ड्राफ्ट्समनची मान ठाऊक होती. ट्रेसिंग कागदावर चूक झाली की ब्लेडने शाई खरवडायची आणि कागद फाटू नये म्हणून श्वास धरायचा. एक रेघ काढण्याआधी माणूस तीनदा विचारायचा, ही लागेल का? माझे त्या वेळचे हेड ड्राफ्ट्समन माझ्या मागे येऊन उभे राहत आणि एकाच रेघेवर पेन्सिल ठेवून विचारत, "ही कोणी वाचणार आहे?" उत्तर देता आलं नाही की खरवडायची.

आता खरवडावं लागत नाही, म्हणून विचारावंही लागत नाही.

चारशे बोल्टांचे आटे काढून टाकले आणि गुळगुळीत दांड्यावर आट्यांचं नुसतं चित्र चढवलं. सॉफ्टवेअरात तशी सोय असतेच. बॅटरी ३१.

आईने मेणबत्ती आणून ठेवली आणि विचारलं, "काय चाललंय?"

"भोकं बुजवतोय."

"बुजव, बुजव. पावसाळा आहे," असं म्हणून ती गेली.

ट्रॉलीची चाकं उघडली. एकेका चाकात बेअरिंग, बेअरिंगमध्ये छर्रे, आणि छर्ऱ्यांना धरून ठेवणारा पिंजरासुद्धा. मोटरच्या कंपनीने दिलेल्या मॉडेलमध्ये मोटरवरची पाटी होती, पाटीवर कोरलेली अक्षरं होती, आणि टर्मिनल बॉक्स उघडून बघितला तर आत पितळी स्क्रू. हे सगळं कपाटाच्या पाठीमागे, पत्र्याच्या आड, कधीच कुणाला न दिसणारं. माझ्या डोळ्यांपुढे आमची रविवारची खडवली उभी राहिली. नदीवर दोन तास बसायला म्हणून मुंबईची मंडळी येतात. स्टेशनातून उतरताना एकाच्या डोक्यावर पातेलं, दुसऱ्याच्या हातात शेगडी, तिसऱ्याच्या खांद्यावर स्पीकर, आणि मागून एक आजी, हातात छत्री, बरणी आणि घडीची खुर्ची. नदीकाठी पोचल्यावर त्यातलं निम्मं उघडलंच जात नाही. संध्याकाळी तेच ओझं पुन्हा लोकलमध्ये चढतं, फक्त आता ओलं झालेलं असतं. त्यांना हसायचा मला हक्क नाही. ज्या नदीत ते पाय बुडवून बसतात, तिचंच पाणी पुढे पिसे इथे उचललं जातं आणि पांजरापूरला शुद्ध होऊन त्यांच्याच नळाला जातं. म्हणजे घरबसल्या मिळालं असतं. पण घरचं पाणी हे नुसतं पाणी असतं, आणि नदीवर यायचं तर लोणच्याची बरणी लागतेच.

छर्रे काढताना हात जरा अडखळला, खोटं कशाला बोलू. पोराने ते फार मायेने बसवले होते. सरळ रेषेत, मोजून, एकही दुसऱ्यात घुसलेला नाही. फाइल फुगते ती आळसाने, असं सगळीकडे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. आळसाने फुगलेली फाइल पटकन ओळखू येते. तिच्यात कचरा असतो, आणि कचरा काढताना कुणाला वाईट वाटत नाही. मायेने फुगलेली फाइल कठीण. मीसुद्धा तेवीस वर्षांचा असताना एका साध्या झाकणाच्या कडांना इतक्या सुंदर गोलाया दिल्या होत्या की बिजागरी बसायला जागाच उरली नाही. पहिल्या नोकरीत माणूस यंत्र काढत नसतो, आपल्याला काय काय येतं ते काढत असतो. पहिल्यांदा पाहुण्यांसाठी स्वयंपाक करणारी सून एकाच जेवणात चार भाज्या करते, तसं. पुढे दोन होतात. नंतर कधीतरी ती फक्त आमटी-भात वाढते आणि पाहुणा दुसऱ्यांदा भात मागतो. ती पायरी यायला वेळ लागतो आणि ती कुणी शिकवत नाही.

आणि भीतीही असते. 'असू दे, लागला तर?' हे वाक्य ज्या घरात चालतं त्या घराचा माळा भरलेला असतो. आमचा आहे. त्यात माझी वाळून दगड झालेली शाईची पेनं आहेत, मिनी ड्राफ्टर आहे, आणि १.४४ एमबीच्या फ्लॉप्यांचा डबा आहे. त्या काळी एक ड्रॉइंग दोन फ्लॉप्यांवर घेऊन जायचं, कारण लोकलच्या मोटरमनच्या डब्याजवळ उभं राहिलं की फ्लॉपी खराब होते असा आमचा सगळ्यांचा ठाम समज होता. खरं-खोटं देव जाणे. आम्ही मात्र फ्लॉपी छातीशी धरून मधल्या डब्यात चढायचो, नवं बाळ घेऊन चढावं तसे. एवढ्याशा जागेत आख्खं यंत्र मावायचं. आज दाराची एक मूठ मावत नाही.

मुठीवरून आठवलं. गिऱ्हाइकाला दाराच्या मुठीचा थ्रीडी प्रिंट काढून बघायचा होता, म्हणून पोराने तिची एसटीएल फाइल वेगळी करून ठेवली होती. एसटीएल म्हणजे सगळा आकार त्रिकोणांत मोडायचा. बायनरी प्रकारात हिशेब अगदी स्वच्छ आहे. सुरुवातीला ८० बाइटांचं मथळ्याचं खोकं, मग त्रिकोण किती हे सांगायला ४ बाइट, आणि पुढे प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट. गुळगुळीतपणाचा काटा जितका ताणाल तितके त्रिकोण वाढतात. पोराने काटा शेवटपर्यंत ताणला होता. त्या मुठीत १,२०,००० त्रिकोण होते. म्हणजे सहा एमबीची मूठ. थ्रीडी प्रिंटरचा थर जेवढा जाड असतो, त्याच्यापेक्षा कितीतरी बारीक गुळगुळीतपणा. बोटांना तर तो या जन्मात कळणार नव्हता.

आमच्याच भागात, पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात आणि आता २०१४ पासून पालघरमध्ये गेलेल्या डहाणूकडच्या पाड्यांवर, माणूस दोन त्रिकोणांत होतो. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक गोल डोकं, हातापायांना रेघा. वारली बायका लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठाने हे काढत आल्या. जिव्या सोमा मशे यांनी तोच दोन त्रिकोणांचा माणूस कागदावर आणला, जगभर नेला, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रातला माणूस कमरेत वाकून भात लावतो, नाचतो, झाडावर चढतो, दमतोसुद्धा. मी मेणबत्तीच्या उजेडात हिशेब केला. ८० अधिक ४ अधिक दोन त्रिकोणांचे १००. वारली माणसाचं धड १८४ बाइटांत मावतं. आणि आमची मूठ सहा लाख नव्हे, साठ लाख बाइटांत नुसती लोंबकळत होती.

काटा खाली आणला. मूठ दोनशे केबीवर आली आणि पहिल्याइतकीच मूठ दिसत राहिली.

शेवटी राहिला इमारतीचा नकाशा. तो त्या कन्सल्टंटनेच ऑटोकॅडमध्ये पाठवला होता आणि पोराने पार्श्वभूमीला जसाच्या तसा जोडला होता. हवी होती एक खोली. आलं होतं आख्खं औद्योगिक संकुल, त्यातल्या बागेसह. बागेतल्या प्रत्येक झाडाला पानं, पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीला वायपर, आणि फाटकापाशी उभा एक सपाट मनुष्य, हातात ब्रीफकेस. असल्या नकाशाला पर्ज करायचं असतं. म्हणजे ज्या गोष्टी फाइलीत नोंदलेल्या आहेत पण चित्रात कुठेच वापरलेल्या नाहीत, त्या हाकलायच्या. हे एकदा करून भागत नाही, कारण एक खोकं गेलं की त्याच्या आतलं खोकं बिनधन्याचं होतं, ते गेलं की त्याच्या आतली लेयर. घासलेल्या पातेल्यातून दुसऱ्यांदा तेल निघतं तसं. तिसऱ्या फेरीला निघायचं थांबतं. मग 'ओव्हरकिल' म्हणून एक हुकूम आहे, तो एकावर एक बसलेल्या दुहेरी रेघा शोधून उडवतो. एवढ्या सभ्य कामाला एवढं हिंसक नाव कुणी दिलं कोण जाणे. भिंतीची एक रेघ तर सात वेळा काढलेली निघाली. सात माणसांनी सात वेळा तोच नकाशा उघडून, 'भिंत दिसत नाहीये जरा' म्हणत पुन्हा ओढली असावी.

एक आणखी युक्ती मला माहीत आहे, ती मात्र मी वापरली नाही. पूर्वीच्या एका नोकरीत आम्ही इन्व्हेंटर या सॉफ्टवेअरवर काम करायचो. चिंचवडच्या एका सप्लायरने तेव्हा पाठवलेला पार्ट उघडला तर आत काहीच नाही, कोरी खोली. फोन केला. तो म्हणाला, "साहेब, डाव्या हाताच्या यादीत सगळ्यात वर एक खूण आहे बघा, ती धरून तळापर्यंत ओढा." ओढली. आणि रिकाम्या जागेत पहिल्यांदा ठोकळा उभा राहिला, मग त्याला भोक पडलं, मग कड गोल झाली, एकेक करत आख्खा पार्ट डोळ्यांसमोर शिजला. झालं होतं असं, की 'इथे पार्ट संपला' ही खूण त्याने यादीच्या माथ्यावर नेऊन फाइल साठवली होती. त्यामुळे तयार आकार फाइलीत गेलाच नाही, गेली ती फक्त कृती. जेवणाऐवजी शिधा पाठवण्यासारखंच ते. डाळ, तांदूळ, गूळ दिलेत, तुमच्या चुलीवर तुम्ही शिजवा. फार ऐटीत मांडलेली गोष्ट होती, पण पलीकडच्याकडे तीच चूल हवी. या कन्सल्टंटकडे आमचं सॉफ्टवेअर नव्हतं. त्याला शिजवलेलंच लागणार होतं.

शेवटी मी ट्रेची भोकं झाकली. पुसली नाहीत, झाकली. मॉडेलमध्ये 'साधं' म्हणून एक वेगळं रूप केलं, त्यात भोकांची सगळी रांग बंद ठेवली. मूळ रूपात ती जिवंतच. शंभर फुटांवरून बघणाऱ्याला भोकं दिसत नाहीत, आणि तो कन्सल्टंट निदान तेवढ्या लांबचा होता. मग सगळं एकत्र करून तयार केलं तर ११ एमबी. अकराशेचे अकरा. मी स्वतःशीच इतका खूश झालो की बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "आधी पण असंच दिसत होतं ना?" मी म्हटलं, तेच तर.

पाठवलं. ९९ टक्क्यांवर थांबलं. मी शांतपणे वाट बघितली. बॅटरी ९ टक्के असताना खडवली आली.

दहा मिनिटांनी फोन वाजला. कन्सल्टंट. म्हणाला, "फाइल मिळाली, छान उघडतेय हो. पण मला फक्त बाहेरचं माप पाहिजे होतं. आमच्या दारातून आत जाईल का तेवढंच बघायचंय." मी उंची, रुंदी, खोली सांगितली. तीन आकडे. त्याने ते बहुधा कुठल्या तरी पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतले. "जाईल," तो म्हणाला, "चार बोटं राहतायत," आणि फोन ठेवला.

माझे हेड ड्राफ्ट्समन असते तर आख्ख्या यंत्रावर पेन्सिल ठेवून म्हणाले असते, ही कोणी वाचणार आहे?

इथपर्यंत मी स्वतःला शहाणा समजत होतो. सोमवारी लॅपटॉपवरचा तो हलका, गोजिरवाणा फोल्डर मी ऑफिसच्या सर्व्हरवर टाकला. टाकताना एक गोष्ट विसरलो. ट्रे साठवताना वरती 'साधं' हेच रूप उघडं राहिलं होतं. ज्याने पुढे ट्रेचा पसरलेला पत्रा काढून लेझरला पाठवला, त्याला जे दिसलं ते त्याने पाठवलं. लेझरवाल्याने मुकाट्याने कापायला घेतलं. त्याला काय, भोकं नाहीत म्हणजे काम झटपट. दुपारी त्याचा फोन आला : "काका, अकरा ट्रे कापून, वाकवून झाले. पण आधीच्या ऑर्डरला भोकं होती. यावेळी नकोत का?"

माणसाच्या आयुष्यात असे काही क्षण येतात की तेव्हा लोकल बंद असावी असं वाटतं, म्हणजे घरी जायला नको. अडीच लाखांपैकी एकही भोक नव्हतं. चूक सरळ माझी होती, आणि ती अशी होती की जिचं मी शुक्रवारी रात्री मेणबत्ती लावून कौतुक केलं होतं. पोराने काही बोलून दाखवलं नाही. फक्त त्याने त्याच्या नव्या ट्रेचं नाव बदललं. आता सर्व्हरवर ती फाइल 'ट्रे_भोकांसकट_हाच_घ्या' या नावाने आहे. नावानेही फाइल जराशी वाढतच असणार, पण मी मोजायला गेलो नाही.

उरलेले पंच्याऐंशी ट्रे नीट निघाले, शिवाय अकरा नव्याने कापले, ड्रायर त्या दारातून चार बोटं राखून आत गेला. अकरा आंधळे ट्रे उरले. मालकांनी मला बोलावलं, ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घेऊन जा घरी दोन-चार." रागावले असते तर बरं झालं असतं. मी चार आणले, कसारा लोकलमधून, गोणपाटात गुंडाळून. टिटवाळ्यापर्यंत एका बाईंनी दोनदा विचारलं की हे काय आहे. मी वाळवणाचं सामान म्हणून सांगितलं.

गेल्या एप्रिल-मेमध्ये आईने त्यावर कुरडया घातल्या, मिरच्या पसरल्या, कोकमाच्या साली वाळवल्या. स्टीलचा पत्रा, धार मोडलेली, उंची बेताची. तिला ते फार आवडले. आल्यागेल्याला 'लेकाने खास करून आणलेत' म्हणून सांगायची, आणि मी आतल्या खोलीत कामात असायचो. मग एका दुपारी वळवाचा पाऊस अचानक आला. मिरच्या वेळेवर आत गेल्या, ट्रे अंगणातच राहिले. अर्ध्या तासाने ऊन पडलं तेव्हा चारी ट्रे काठोकाठ भरले होते आणि एका ट्रेच्या कडेवर बुलबुल बसून पाणी पीत होता. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. म्हणाली, "एवढा मोठा यंत्रं काढणारा तू. याला पाणी जायला एक भोक नको का ठेवायला?"

भोक पाडायचं ठरलंय. ड्रिल माळ्यावरून काढून ठेवलंय. पण आई म्हणते कोपऱ्यात पाडायचं आणि बायको म्हणते मधोमध, त्यामुळे बुलबुल अजून येतोच आहे.